आप्पांच्या ओसरीवरचा समुद्र

सायकलच्या दुकानात किस्से फार साठतात. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला बसून राहण्यापलीकडे काही उद्योग नसतो, आणि बसलेला माणूस बोलतोच. महाडच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं तेव्हा निम्म्या गावाच्या भानगडी मला पाठ होत्या. पण आज इतक्या वर्षांनी चार जुनी माणसं जमली की फर्माईश एकच होते, "ते आप्पांच्या टाकीचं सांगा." मी एक किस्सा सांगायला घेतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि घरातून हाक येते की जेवायला उठणार आहात की नाही.

तर आधी माणसं सांगतो. आप्पा दामले हायस्कुलात सायन्स शिकवायचे. उंच, किडकिडीत, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला "करून बघू" म्हणणारे. त्यांच्या पत्नी शांतावहिनी श्रीवर्धनच्या बाजूच्या. माहेरच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की वाळूतच पाय, इतका समुद्र जवळ. लग्न होऊन महाडला आल्या. महाडला नदी आहे, डोंगर आहेत, समुद्र नाही.

त्यात वहिनींचं एक मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. तेव्हाचे रस्ते असे की धडधाकट माणूससुद्धा उतरल्यावर हातपाय जागेवर आहेत का ते बघायचा. माहेरची वाट बंद झाली. वहिनी रडणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एक दिवस जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "समुद्र बघावासा वाटतो."

आप्पांनी नुकतंच मुंबईला मत्स्यालय पाहिलं होतं. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "तुला समुद्राकडे जाता येत नाही ना? मग समुद्र इथे येईल."

वहिनी म्हणाल्या, "येऊ दे. चपला बाहेर काढायला सांगा त्याला."

* * *

त्या दिवसापासून आमचं टाकी-मंडळ सुरू झालं. आप्पा अध्यक्ष. मी हवेचा माणूस, कारण पंप माझ्याकडे. शेजारचे भिडे वकील कायदेशीर सल्लागार, म्हणजे बिनकामाचे. आणि पोलादपूरचा धोंडू मोरे, जो ट्रकमधून किनाऱ्यावरची सुकी मासळी पोलादपूरच्या बाजारात आणायचा, तो आमचा समुद्रमंत्री.

टाकी लोहाराकडे झाली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात जाड काचा, आणि काचा बसवायला लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल कालवून केलेला लगदा. आप्पांनी ती स्वतः मळली. मळताना वहिनींनी दारातून बघितलं आणि विचारलं, "पोळ्या किती जणांच्या?"

लांबी सुकल्यावर माझ्या दुकानात चाचणी घेतली. विहिरीचं पाणी भरलं. चारी कोपऱ्यांतून चार धारा लागल्या. आप्पा बोटांनी एक धार दाबायचे की दुसरी जोर करायची. भिडे वकील खुर्चीवर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "आप्पा, हिला टाकी म्हणू नका. नळावर नंबर लावण्यापेक्षा गावातल्या बायका इथेच येतील."

टाकी पुन्हा भरली, पुन्हा गळली. शेवटी आतून मेणाचा थर फिरवला तेव्हा ती गप्प बसली. लोखंडाला काळा रंग दिला आणि टाकी आप्पांच्या ओसरीवर, पूर्वेच्या उजेडात नेऊन ठेवली. वहिनींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तिला नाव देऊन टाकलं. "तुमची पेटी." पुढे वर्षभर त्या तिला पेटीच म्हणाल्या. आप्पांची सगळी धडपड तिथून एका शब्दासाठी चालली होती. वहिनींनी एकदा, फक्त एकदा, त्या पेटीला समुद्र म्हणावं. ते कधी बोलले नाहीत, पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच हवं होतं.

* * *

आता पाणी. धोंडूने किनाऱ्यावर होडीतून जरा आत जाऊन स्वच्छ पाणी डब्यांत भरलं, डबे सुक्या बोंबलांच्या गोण्यांमागे नीट लावले आणि निघाला. तेव्हा दारूबंदी कडक होती. महाडच्या अलीकडे एका हवालदाराने ट्रक थांबवला. गोण्यांमागे झाकून ठेवलेले डबे म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार?

"काय आहे डब्यात?"

"समुद्र," धोंडू म्हणाला.

"काय?"

"अख्खा नाय साहेब. थोडासाच हाय."

हवालदाराने झाकण काढून वास घेतला. बोंबलांच्या शेजारी कसला वास कळतोय! मग ओंजळ भरून त्याने मोठा घोट घेतला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बराच वेळ थुंकत बसला. परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "अरे, हे पिऊन झिंगतं कोण?"

"आमचं मास्तर झिंगलंत, साहेब," धोंडू म्हणाला. "आन् तेबी न पिता."

* * *

पहिलं पाणी टाकीत पडलं ते थोडं गढूळ होतं. प्रवासात हिंदकळलेलं. आप्पांनी सांगितलं होतं की दोन दिवस हात लावू नका, गाळ आपोआप बसेल. आणि ते शाळेत गेले.

भिडे वकील टाकीपाशी राखणीला. महाडच्या माणसाला गढूळ पाणी दिसलं की त्याचा हात आपोआप कोनाड्यातल्या तुरटीकडे जातो. पावसाळ्यात सावित्रीचं लाल पाणी घरात आलं की आमच्याकडे तान्हं पोर सोडून सगळे तुरटी फिरवतात. वकिलांनी धोतर खोचलं, स्वयंपाकघरातून तुरटीचा खडा मागून घेतला, बाही वर केली आणि मन लावून फिरवली.

आप्पा आले तेव्हा पाणी आरशासारखं झालं होतं. वकील अभिमानाने बाजूला उभे. आप्पांनी पाण्याकडे बघितलं, वकिलांच्या ओल्या कोपराकडे बघितलं, आणि मटकन झोपाळ्यावर बसले. त्या पाण्यात आता मासा जगला असता की नाही कोण जाणे, पण आप्पा ते धाडस करणार नव्हते. सगळा समुद्र अंगणात ओतावा लागला. वहिनींचं अळू जळून गेलं.

तेव्हापासून टाकीत बोट घालायचं नाही असा कायदा झाला. आणि आमचे वकील साहेब, ज्यांनी आयुष्यात एकही चूक कबूल केली नव्हती, ते म्हणाले, "पाणी स्वच्छ झालं होतं की नाही, एवढंच सांगा."

* * *

दुसरं पाणी आलं, आणि त्याबरोबर खडकांतल्या डबक्यांतला जीवजंतूंचा खजिना. पट्ट्यापट्ट्यांचे बोटभर मासे, फुलासारखं उमलणारं आणि हात जवळ नेला की मिटणारं एक प्रकरण, प्रवाळाचे छोटे दगड, आणि शंखात राहणारा एक खेकडा. आता त्यांना हवा पाहिजे. मुंबईच्या मत्स्यालयात विजेचे पंप होते. आमच्याकडे मी होतो.

धोंडूने ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब दिली. ती मी पंपाने टम्म फुगवायची, तिच्या तोंडाला रबरी नळी लावायची, नळीला चिमटा, आणि नळीचं दुसरं टोक टाकीत. चिमटा जरा सैल केला की बुडबुडे सुरू. सकाळी भरलेली ट्यूब संध्याकाळी गळपटायची. भरायला मात्र दम निघायचा. वहिनींनी यावर घरगुती उपाय काढला. ओसरीवर पाटी नव्हती, पण येणाऱ्या प्रत्येकाला त्या हसून सांगायच्या, "आधी पंप, मग चहा."

पोस्टमनने पंप मारला. शाळेचे हेडमास्तर तपासणीच्या कामाला आले होते, त्यांनी कोट काढून मारला. बिरवाडीहून आप्पांचे एक चुलते फक्त प्रकृती विचारायला आले होते, ते परत गेले ते स्वतःची प्रकृती विचारत.

अशातच आप्पांच्या धाकट्या बहिणीला, मालूला, बघायला माणसं आली. मुलगा पोलादपूरकडचा, नुकताच तलाठी झालेला. बरोबर वडील आणि मामा. आप्पांना दरदरून घाम फुटला होता, कारण पाहुण्यांच्या घाईत सकाळची ट्यूब भरायची राहिली होती आणि बुडबुडे मंदावत चालले होते. बोलणी सोडून ते सारखे टाकीकडे बघत होते.

मुलाने विचारलं, "काय झालं?" आप्पांनी सांगितलं. मुलगा उठला, कोट काढून मामांच्या मांडीवर ठेवला आणि पंपाला लागला. खाली वाकून, एका लयीत, न थांबता. मालू पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली ती तशीच बघत उभी राहिली. पोहे गार झाले.

बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे."

मालू म्हणाली, "परत कधी येणार? ट्यूब संध्याकाळपर्यंतच टिकते."

* * *

टाकीची कीर्ती पसरली. शाळेची मुलं, बाजाराला आलेल्या बायका, सगळे ओसरीपर्यंत येऊन जायचे. नाते गावाहून एक म्हातारे शेतकरी दर बाजारी भाजी घेऊन यायचे. ते एकदा आले, डोक्यावरची पाटी उतरवली, टाकीसमोर उकिडवे बसले आणि खूप वेळ बघत राहिले. आप्पांना भरून आलं. त्यांनी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं, पाणी कुठून येतं, हवा कशी देतात, दगड का ठेवलेत, उन्हाने पाणी आटलं की गोडं पाणी किती घालायचं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. पाटी उचलली. "मास्तर, येवढं कष्ट," तो म्हणाला, "आन् वर कालवण नाय?"

* * *

वहिनी मात्र लांबूनच बघायच्या. आप्पांनी विचारलं, "कसा वाटतो?" की त्या म्हणायच्या, "मासे छान आहेत." कुणी फारच मागे लागलं तर म्हणायच्या, "अहो, भरती नाही, ओहोटी नाही. याला समुद्र कोण म्हणेल?" आप्पा तरी काय करणार? चंद्राला काही ट्यूब लावता येत नाही.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून आप्पांनी आतले दगड नवीन मांडले. सगळे उभे, एका रांगेत, मधे उंच आणि बाजूला उतरते. वहिनी निवडायला तांदूळ घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी सहन केलं. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "ही काय गौरीपुढची आरास आहे? दगड असे उभे नसतात. लाटेकडे पाठ करून बसलेले असतात, म्हाताऱ्यांसारखे."

"मग तूच मांड," आप्पा म्हणाले.

"टाकीत बोट घालायचं नाही ना?"

"तुला चालेल."

वहिनींनी बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एकेक दगड कलता करत गेल्या. काम संपलं तरी त्यांनी हात लगेच बाहेर काढला नाही. मी नळी बदलायला आलो होतो, मी नळीकडे बघत राहिलो. आप्पा आशेने वाकले होते.

वहिनींनी हात पदराला पुसला. "पेटी बरी दिसते आता," म्हणाल्या आणि सूप उचललं.

* * *

मालूचं लग्न त्या पंपवाल्या तलाठ्याशीच झालं. लग्नानंतर घरात सत्यनारायण घातला. गुरुजी जुने, कडक. पूजेची मांडणी ओसरीवरच, टाकीच्या बाजूला. नवी जोडी पाटावर. गुरुजी शंखाला गंध लावायला वळले तर शंख जागेवर नव्हता. तो चौरंगाच्या कडेला होता. गुरुजींनी तो उचलून जागेवर ठेवला. पुढचा मंत्र म्हणेपर्यंत शंख पुन्हा निघाला होता.

झालं होतं असं की आमचा शंखातला खेकडा वाढला होता आणि त्याला जुनं घर आखूड पडत होतं. आदल्या दिवशी आप्पांनी पूजेचा शंख टाकीशेजारी धुऊन ठेवलेला. नळीवरून उतरून खेकड्याने रातोरात बिऱ्हाड बदललं होतं.

शंख चौरंगावरून पाटावर उतरला आणि नवरदेवाच्या दिशेने चालू लागला. गुरुजींनी आपले पाय हळूच सोवळ्याखाली ओढून घेतले, हात जोडले आणि म्हणाले, "आधी यांना जाऊ द्या. मान त्यांचा."

वहिनी उठल्या, लहानपणापासून हेच करत आल्यासारख्या त्यांनी दोन बोटांत शंख उचलला, आत डोकावून म्हणाल्या, "मेल्या, दुसरं घर मिळालं नाही?" आणि टाकीत सोडला. आप्पा कुजबुजले की पूजेचा शंख आहे, चिमट्याने त्याला बाहेर काढता येईल.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "तिकडचा समुद्र सोडून आपल्या घरी आलाय. आलेल्याला बाहेर काढत नाहीत."

पुढे त्या घरात कुठलीही पूजा असली की गुरुजी शंखपूजेच्या वेळी फूल घेऊन टाकीकडे वळायचे आणि विचारायचे, "आहेत ना आत?"

* * *

आणि आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगतो.

त्या साली पाऊस फार झाला. सावित्री दोनदा बाजारपेठेत येऊन गेली, माझ्या दुकानातल्या ट्यूबा रस्त्यावर तरंगल्या. धोंडूचा ट्रक पोलादपूरला अडकून पडला. समुद्राकडून नवीन पाणी यायला मार्ग नव्हता. टाकीतलं पाणी पिवळट पडत चाललं. पट्ट्यांचे दोन मासे गेले. आप्पा शाळेतून आले की चपलाही न काढता टाकीपाशी बसायचे. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आम्ही आळीपाळीने पंप मारत होतो आणि कुणी विनोद करत नव्हतं, वकीलसुद्धा.

श्रावणात उघडीप झाली. धोंडूने कुणी सांगायची वाट न बघता ट्रक काढला आणि नारळी पौर्णिमेच्या सकाळी डबे घेऊन हजर झाला. डबे उतरवताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेट, एक इचारू? वैनींचं काय बिनसलंय का? दर वर्साला माह्यारी समुद्राला द्यायला माझ्याजवळ नारळ देतात. त्यांचा भाऊ सोडतो त्यांच्या नावानं. औंदा निरोप धाडला, नारळ नको न्हेऊस."

आप्पांच्या ते कानावर गेलंच. ते खाली मान घालून जुनं पाणी उपसत राहिले. वहिनींची समुद्रावरची आशाच संपली असं त्यांना वाटलं, आणि मलाही तेच वाटलं. फार वाईट वाटलं.

पण पाणी सुंदर होतं. मासे तरतरीत झाले, मिटलेलं ते फूल उमललं, शंखोबा फिरायला निघाले. धोंडूने वाटेत सांडेल म्हणून जास्तच आणलं होतं आणि आप्पांना त्यातला थेंबही फुकट घालवायचा नव्हता. त्यांनी टाकी काठोकाठ भरली. कुणी जोरात शिंकलं असतं तरी सांडली असती.

दुपार कलली. गावचे लोक वाजतगाजत सावित्रीवर नारळ द्यायला निघाले. आम्हीही ओसरीवर जमलो. रीतीप्रमाणे आप्पांनी आत हाक मारली, "शांता, येतेस का नदीवर?" दर वर्षी आतून एकच उत्तर यायचं, "नदी गोडी आहे हो. नारळ खाऱ्याला देतात." या वर्षी तेही आलं नाही.

मग वहिनी बाहेर आल्या. लग्नातलं जरीचं लुगडं, नाकात नथ, हातात तबक. तबकात सोललेला नारळ. त्या दाराकडे गेल्या नाहीत. सरळ टाकीपाशी आल्या. हळदकुंकू त्यांनी टाकीच्या लोखंडी चौकटीला लावलं, नारळाला नाही, पाण्यात रंग जायला नको म्हणून. निरांजन ओवाळलं. आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, भिडे वकिलांनी त्यांचा दंड धरला, आणि आप्पांनी तोंड मिटलं.

वहिनींनी दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर ठेवला आणि सोडला.

पाणी वर आलं. काचेवरून ओघळलं, चौकटीवरून ओसरीवर आलं, आणि वकिलांच्या धोतराकडे निघालं. कुणी हललं नाही. आप्पांना समोरचं नीट दिसत नसावं, ते सारखे चष्मा पुसत होते.

वहिनींनी लुगडं चार बोटं वर धरलं. ओल्या ओसरीवर अनवाणी उभं राहून त्या आमच्याकडे वळल्या.

"पाय वर घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "भरती आली."